राखून धरलेलं मत

ती चुकीच्या जिन्यानं वर गेली, एवढंच झालं होतं.

तिला जायचं होतं खोक्यांच्या कारखान्यात, नोकरीसाठी भेटायला. त्याचा जिना इमारतीच्या मागच्या बाजूला होता आणि ती पुढच्या जिन्यानं चढली. छत्री वाऱ्यानं उलटी झालेली, चपला पचपच वाजत होत्या. तिसऱ्या मजल्यावर एक दार सताड उघडं दिसलं. आत एक माणूस एका जाडजूड पुस्तकाशी झटत होता. दोन्ही हात गुंतलेले आणि दोऱ्याचं टोक दातांत.

तो दातांतूनच काहीतरी बोलला.

"काय म्हणालात?"

त्यानं भुवया उंचावून दोऱ्याकडे खूण केली. तिनं छत्री दारात टाकली आणि पुढं होऊन दोरा घेतला.

"सोडू नका," त्याचं तोंड मोकळं झालं. "ओढूही नका. नुसता धरा."

"किती वेळ?"

"खळ वाळेपर्यंत. दहा मिनिटं."

"माझी मुलाखत आहे. खोक्यांच्या कारखान्यात."

"ते मागच्या जिन्यानं. पण आत्ता तुम्ही सोडलंत तर चारशे पानं सुटतील. बघा बुवा… तुमची मर्जी."

ती उभी राहिली. बाहेर पाऊस खिडकीच्या काचा बडवत होता. खोलीभर कागदाचा आणि खळीचा ओलसर वास होता. त्याच्या बोटांना वाळलेली खळ पापुद्र्यासारखी चिकटलेली होती. तो तिच्या हाताकडे बघत होता, तोंडाकडे नाही.

"शिवणकाम करता?"

"कशावरून?"

"दोरा बोटाला वेढा देऊन धरलात. नवखा माणूस मुठीत धरतो."

"कपडे दुरुस्तीच्या दुकानात होते. मालकांनी दुकान बंद केलं."

"मग खोकी कशाला? आम्हाला शिवणारं माणूस हवंय."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"ते सांगतो. आधी… हां, अजून जरा. सोडू नका."

दहाची पंचवीस मिनिटं झाली. खोक्यांची नोकरी गेली ती गेलीच.

ती जागा पुस्तकबांधणीची होती आणि तिला मालक नव्हता. जे काम करायचे त्यांचीच ती होती. सात सभासद. वाचनालयांची, शाळांची फाटकी पुस्तकं यायची. ही माणसं ती उसवायची, पुन्हा शिवायची, नवे पुठ्ठे चढवायची. कारभार मोठ्या बाई बघायच्या. घड्या घालायला दोन बायका होत्या, कटिंग मशीनवर दोघे भाऊ. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी नाव उमटवणारे एक म्हातारे होते, त्यांना सगळे अक्षरकाका म्हणत. आणि शिवण-चिकटवणीला हा. त्याच्या बोटांवरून त्याला नाव पडलं होतं डिंक्या.

तिला पहिल्याच आठवड्यात 'सुई' नाव पडलं. कामावरून पडलं असं डिंक्या सांगायचा. घडीवाल्या म्हणायच्या, जिभेवरून.

तिथं नव्या माणसाला सहा महिने उमेदवारी करावी लागे. मग सभासद मत देत. चार मतं मिळाली तर आत, नाहीतर रामराम. आणि तिला आत जायचंच होतं. ती थोरल्या बहिणीकडे राहत होती. रात्री पुढच्या खोलीत खाट पसरायची आणि पहाटे भाऊजी उठायच्या आत गुंडाळायची. ताई प्रेमळ होती, पण घर दोन खोल्यांचं. सभासदाला इमारतीच्या गच्चीवरची खोली राहायला मिळत असे आणि ती सध्या रिकामी होती. तीन तासांवरच्या गावी मावशीचं कापडदुकान होतं. "इथलं जमलं नाही तर माझ्याकडे ये," असा मावशीचा सांगावा होता. म्हणजे जमलं नाही तर गाव सोडायचं, हे ठरलेलं होतं.

सहा महिने भुर्रकन गेले. शेजारी शेजारी दोन टेबलं, मध्ये खळीचं एकच भांडं.

"तुमचा ब्रश माझ्या बाजूला येतोय," ती म्हणायची.

"भांडं मधोमध आहे."

"मधोमध नाही. रोज वीतभर तुमच्याकडे सरकतं."

"मग तुम्हीही सरका की वीतभर… भांड्याबरोबर."

ती मान खाली घालून सुईत दोरा ओवायची. एरवी एका झटक्यात ओवला जाणारा दोरा अशा वेळी तीन-तीनदा नेढं चुकवायचा. समोरून घडीवाली दुसरीला कोपर मारायची.

चार वाजता चहा यायचा. डिंक्या कपाचा कान नेहमी तिच्या बाजूला फिरवून कप ठेवायचा. स्वतः चटका खायचा. बोलला मात्र कधीच काही नाही. तीही बोलली नाही. एकदा पाऊस थांबायची वाट बघत दोघं जिन्यात अर्धा तास उभी होती. तेव्हा तो म्हणाला, "सुई, एक सांगायचं होतं…" आणि मग म्हणाला, "उद्या जाड दोरा आणायला हवा." ती घरी जाईपर्यंत त्या जाड दोऱ्यावर चरफडत होती.

मत द्यायचा दिवस आला. मत उघड असे. भिंतीवरच्या फळ्यावर तीन रकाने होते. पहिले दोन साधे, हो आणि नाही. तिसऱ्यावर इंग्रजी शब्द होता, अ‍ॅबस्टेन, म्हणजे मत न देणं. नियमांची वही बनवताना कुणीतरी इंग्रजी नमुना समोर ठेवला होता आणि तो शब्द तसाच राहून गेला होता.

मोठ्या बाई 'हो' म्हणाल्या. घडीवाल्या दोघी 'हो'. दोघे भाऊ 'नाही', कारण हात वाढले की काम वाटलं जातं. अक्षरकाका 'नाही' म्हणाले. "माझ्याकडून दोन जणं शिकली आणि पळाली," ते म्हणाले. "तिसरी कशाला?"

तीन आणि तीन. राहिला डिंक्या. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बघायची गरजच काय होती?

तो उठला, खडू घेतला आणि स्वतःचं नाव तिसऱ्या रकान्यात लिहिलं.

"बरोबरी झाली की महिन्यानं पुन्हा मत," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि तेव्हाचं मत शेवटचं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'नाही' म्हणाला असता तरी चाललं असतं. 'नाही' म्हणणाऱ्याला निदान काहीतरी वाटत असतं. याला काहीच वाटत नाही. ती असली काय, नसली काय. तिनं त्या दिवशी खळीचं भांडं उचलून अगदी त्याच्या टेबलावर ठेवलं आणि स्वतःसाठी जुन्या डब्यात वेगळी खळ कालवली.

घरी ताईच्या नजरेतून काही सुटत नसे.

"जेवत का नाहीस?"

"भूक नाही."

"मत पडलं नाही म्हणून, की त्या डिंक्याचं पडलं नाही म्हणून?"

"ताई, तू तुझं बघ ना जरा."

"बघतेच आहे. अर्धा तास झाला, तू रिकाम्या ताटात बोट फिरवते आहेस."

बसलं तर उठावंसं वाटे, उठलं तर कुठं जावं ते कळत नसे. कामावर सुई बोटात शिरायची. तो काही विचारायला वळला की ही पाठ फिरवायची, आणि तो वळला नाही की वळला का नाही म्हणून जळायची.

अशा दिवसांत एक इंग्रजी कोश दुरुस्तीला आला. शब्दांची कुळं सांगणारा, कुठला शब्द कुठून आला ते सविस्तर देणारा. शाळेतल्या मुलांनी हाताळून पहिला फर्माच निखळला होता. फर्मा म्हणजे एकात एक घडी घातलेल्या पानांचा जुडगा. तो शिवायला तिच्याकडे आला. पहिला फर्मा, म्हणजे 'ए'चे शब्द. पानं सारखी करताना तिला तिसऱ्या रकान्यातला तो शब्द दिसला.

हात थांबला. शाळेतलं इंग्रजी तिला बऱ्यापैकी येत होतं. ती उभ्यानंच वाचू लागली.

शब्द मूळचा लॅटिन. फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत आलेला. दोन तुकडे त्याचे. 'अ‍ॅब्स' म्हणजे दूर. 'टेनेरे' म्हणजे धरणं. दूर धरणं. स्वतःला एखाद्या गोष्टीपासून लांब धरून ठेवणं. आधी खाणं, पिणं, मोह यांच्यापासून स्वतःला आवरणाऱ्यांसाठी वापरायचे. मतदानातला अर्थ फार नंतरचा.

तिनं ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

म्हणजे या शब्दात 'काही वाटत नाही' असं कुठंच नव्हतं. ज्याला गोड आवडतच नाही त्यानं गोड खाल्लं नाही, तर त्यात त्यानं धरलं काय? धरून ठेवावं लागतं ते सुटून धावणाऱ्याला.

मग यानं काय धरलं होतं?

दोन दिवस तिनं तो फर्मा शिवलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी बाकीचे जेवायला गेले, तेव्हा तिनं ते पान नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलं.

"हे वाचा."

त्यानं वाचलं. "माझ्या माहितीचं आहे. मागे हा कोश मीच शिवला होता. याच धातूचे आणखी बरेच शब्द आहेत. टेनंट… जागा धरून राहणारा."

"मी जागा धरायलाच आले होते. तुम्ही धरू दिली नाहीत."

"मेन्टेन… हातानं धरणं. सांभाळणं."

"शब्द सांगू नका. काय धरून ठेवलंय ते सांगा."

तो ब्रश पुसत राहिला. स्वच्छ झालेला ब्रश पुन्हा पुसला.

"नियमांची वही वाचलीत का?"

"कशाला वाचू?"

"सातवा नियम."

वही खुंटीला टांगलेली होती. तिनं काढली, पानं उलटली. सातवा नियम दोन ओळींचा होता. ज्या सभासदाचा उमेदवाराशी जवळचा संबंध असेल त्यानं मत देऊ नये, आणि कारण कारभार बघणाऱ्याला सांगावं.

तिनं वर पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. कान लाल झाले होते.

"आपला काय संबंध?" तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "तुम्ही माझे ना नात्याचे, ना गोत्याचे."

"नाहीच. तुमच्याकडून काही नाही, ते मोठ्या बाईंना मी तसंच सांगितलंय. माझ्याकडून… आहे. पाच महिने झाले. म्हणजे, साडेपाच."

"आणि हे तुम्ही मोठ्या बाईंना सांगितलंत? मला सोडून?"

"कारण त्यांना सांगायचं असतं. नियमात तसं आहे."

तिला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे तिला ठसका लागला. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"गुपचूप मत देऊन टाकायचं होतं," ती ठसका आवरत म्हणाली. "कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं असतं. आणि उद्या कुणी म्हटलं असतं, सुईला डिंक्यानं आत घेतलं. तुमची शिवण माझ्यापेक्षा चांगली आहे. तुम्ही कुणाच्या हातानं आत यावं असलं काम नाही ते."

तिनं वही पुन्हा खुंटीला टांगली.

"पण यातून वाट आहे," तो घाईनं म्हणाला. "मोठ्या बाई परवा म्हणाल्या, संबंध दोन्हीकडून असावा लागतो. एकट्याचा संबंध होत नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगा, की तसं काही नाही. मग पुढच्या वेळी मी मत देऊ शकतो. चौथं मत. खोली मिळेल तुम्हाला. मी पुन्हा कधी… काही बोलणार नाही. टेबल हवं तर त्या टोकाला नेतो."

घडीवाल्या जिन्यात बोलत वर येत होत्या. तिनं पान उचललं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

तो महिना तिनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. दोन वाक्यं होती. 'तसं काही नाही' म्हटलं की खोली, काम, स्वतःची किल्ली. आणि रोज शेजारच्या टेबलावर एक माणूस, जो शब्दाला जागून कधी काही बोलणार नाही. तो जागला असता, हीच पंचाईत होती. दुसरं वाक्य म्हटलं की मत गेलं, आणि मावशीच्या दुकानात कापड मोजत बसायचं. एकदा वाटे, आधी सभासद होऊ, मग सांगू त्याला. पण ज्यानं स्वतःला इतकं लांब धरलं, त्याच्याशी असली चलाखी करायची कशी?

दोघं कामापुरतंच बोलत.

"कात्री."

"घ्या."

"आज फार गार आहे."

"हो ना."

एवढ्यावरही तिचा दिवस जायचा. तिनं वेगळ्या खळीचा डबा एक दिवस धुऊन ठेवून दिला. भांडं पुन्हा मधोमध आलं. त्यानं ते पाहिलं, पण विचारलं नाही.

दुसऱ्या मतदानाच्या सकाळी ताईनं विचारलं, "मावशीला काय कळवू?"

"संध्याकाळी सांगते."

"डोळे बघ आरशात. हे डोळे घेऊन सभेला जाणार?"

"दुसरे कुठून आणू?"

सभा भरली. फळा पुसलेला. मोठ्या बाईंनी खडू उचलला आणि तिच्याकडे पाहिलं. "सातव्या नियमाबद्दल तुला काही सांगायचंय का? आधी सांगितलेलं बरं."

ती उभी राहिली.

"यांना मत देता येणार नाही," ती म्हणाली.

"का ग?" घडीवाली म्हणाली. तिला सगळं माहीत होतं.

"सातवा नियम."

"मोठ्यानं बोल," अक्षरकाका म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

"तुम्हाला चहाचा कप वाजलेला जिन्यातून ऐकू येतो, काका."

दोघे भाऊ हसले. काका हसले नाहीत. "संबंध आहे म्हणतेस. कुणाकडून?"

"दोन्हीकडून."

डिंक्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्याकडे बघणं कुणालाच जमेना. कटिंगवाला धाकटा भाऊ तर उगाचच फळ्यावरचे रकाने वाचू लागला.

"मग दोघंही बाहेर," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि दार ओढून घ्या."

जिन्यात उजेड कमी होता. अवकाळी पाऊस भुरभुरत होता. ती कठड्याला टेकली. तो दोन पायऱ्या खाली उभा राहिला, तरी दोघांचे डोळे एका उंचीवर आले.

"हे काय केलंत?" तो म्हणाला. "हातातलं मत घालवलंत."

"तुम्ही केलं तर तो नियम, मी केलं तर वेडेपणा?"

"मी फक्त मत राखलं. तुमची खोली जाईल."

"गेली तर जाईल." मग तिचा आवाज जरा घसरला. "जाईल ना? काका काही बधणार नाहीत."

"बधणार नाहीत."

"मग मावशीकडे."

"तीन तास लागतात. सकाळी सातची पहिली बस. रविवारी सव्वासातला सुटते."

"हे कधी विचारून आलात?"

"पहिल्या मतदानाच्या आदल्या दिवशी."

ती बघतच राहिली. "म्हणजे माझ्यामागं बसनं यायचं तेव्हाच ठरवलं होतंत? मी नको म्हटलं असतं तर?"

"बस कुठं जाते ते माहीत असलेलं बरं असतं," तो म्हणाला. आतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी चढ्या आवाजात बोललं, बहुतेक थोरला भाऊ. मग सगळं शांत. तिनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"इकडे द्या तो हात," तो म्हणाला. "नाहीतर काठ उसवाल."

तिनं हात दिला. त्याची बोटं खरखरीत होती, वाळलेल्या खळीची. दोघंही हाताकडे बघत राहिली. असे थोडेच क्षण मिळतात माणसाला. मिळतात तेव्हा वाटतं, हे आहेतच, उद्याही असतील.

दार उघडलं. अक्षरकाका बाहेर आले. चष्मा कपाळावर चढवलेला. हातात हात बघून त्यांनी तोंड फिरवलं आणि कोपऱ्यातल्या नळाखाली हात धुवायला लागले.

"काका," तिनं विचारलं, "काय झालं?"

"काय व्हायचंय? चार मतं झाली."

"चौथं कुणाचं?"

काका हात चोळत राहिले. बोटांवरचा सोनेरी वर्ख असा सहज निघत नाही. "मला वाटलं होतं, शिकशील आणि पळशील. पण मिळत असलेलं मत जी तोंडानं नको म्हणते, ती पळायची नाही. एवढं मलाही कळतं." त्यांनी नळ बंद केला. "उमेदवार नऊला येतात. सभासदाला साडेआठला यावं लागतं. उशीर चालणार नाही."

ते आत गेले. आतून घडीवाल्यांचा गलका ऐकू आला.

ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. तोही शेजारी बसला. मध्ये वीतभर जागा होती. ती तिनं सरकून भरून टाकली.

"मी सव्वाआठला खाली थांबतो," तो म्हणाला. "वर बरोबर येऊ."

"आठला थांब," ती म्हणाली.